बांडीचं दूध आणि माझं

भातं कापून झाली, झोडणी सुरू झाली की आमच्या पावसजवळच्या वाडीत पेंढ्याचा एक ओलसर वास पसरतो. थोडा गोड, थोडा धुळीचा. सकाळी खळ्यावर दव पडलेलं असतं आणि दहा वाजले नाहीत तोच ऊन असं चटकायला लागतं की अंगाला घामाची धार लागते. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते. मधले हे दिवस कुणाच्या फारसे लाडके नाहीत. मला मात्र ते चुकवता येत नाहीत.

मी पनवेलला राहते. दिवाळीला माहेरी येते, तशी यंदाही आले. फाट्यावर एसटीतून उतरले, पाणंदीला लागले, तो वास आला आणि छाती भरून आली. अलंकार म्हणून नाही लिहीत हे. माझी मुलगी सई आता शाळेत जाते, तिचं अंगावरचं पिणं सुटूनही वर्षं झाली, पण हा वास आला की तो जुना ताण, ती टचकन येणारी कळ क्षणभर खरोखर येऊन जाते. मी पाणंदीत थांबते, पिशवी खाली ठेवते, पदर सारखा केल्यासारखं करते आणि पुढे चालू लागते. सई विचारते, दमलीस का. मी हो म्हणते.

सई झाली त्या वर्षी आमच्या घरात दोन बाळंतिणी होत्या. एक मी आणि दुसरी बांडी.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून मी सातव्या महिन्यातच इकडे आले होते. माझे वडील, अण्णा, हायस्कूलच्या ऑफिसातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. करण्यासारखं काही शोधतच होते. मुलगी बाळंतपणाला येणार म्हटल्यावर त्यांच्या मनाने घेतलं की तिला घरचं दूध मिळालं पाहिजे. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं आणि पिशवी घाटावरून. इथल्या गाई बुटक्या, काटक. कातळावर शेळीसारख्या चढतात, मिळेल ते खातात आणि वासराचं भागलं तर तांब्याभर दूध देतात. त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. आमचा गोठा तर कित्येक वर्षं रिकामाच होता. आंब्याच्या पेट्या आणि नारळाची सोडणं ठेवायची जागा होती ती. अण्णांनी ती रिकामी केली, जमीन करून घेतली, वर एक पंखा लावला आणि एका संध्याकाळी आंबा घाटाने टेम्पो खाली आला.

तिच्या काळ्याभोर अंगावर पांढरे पट्टे होते, म्हणून ती बांडी. एवढी मोठी गाय आमच्या वाडीने पाहिली नव्हती. टेम्पोतून उतरताना तिचे पाय थरथरत होते. दुसऱ्या वेताची, दिवस भरत आलेली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, दोन्ही वेळचं मिळून पंधरा लिटर कुठे जात नाही. अण्णांनी तो आकडा भेटेल त्याला सांगितला. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना सांगितला, पोस्टात सांगितला, रत्नागिरीच्या दवाखान्यात माझी तपासणी चालू असताना बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितला.

बांडी आधी व्याली. पाडी झाली. वाडीभर खरवस गेला. मग आठवडाभराने रत्नागिरीच्या दवाखान्यात सई झाली आणि तिला घेऊन मी घरी आले.

बाळंतिणीची खोली म्हणून मला जी दिली होती तिची खिडकी गोठ्याकडे उघडायची. त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू यायचं. पहाटे बादलीची कडी वाजायची, बांडीचे खूर अस्वस्थपणे आपटायचे आणि थोड्या वेळाने अण्णांचा आवाज यायचा, किती झालं. त्याच सुमाराला माझ्या खोलीचं दार उघडायचं आणि अक्काआत्या आत यायची. अण्णांची मोठी बहीण, रत्नागिरीत एकटी राहायची, माझ्या बाळंतपणासाठी मुद्दाम येऊन राहिली होती. ती उशाशी बसायची, माझ्या कपाळावर हात ठेवायची आणि विचारायची, “आलं का गो दूध?”

दोन्ही प्रश्नांची उत्तरं रोज सारखीच असत. थोडं.

पंधरा लिटरची बांडी सहाच्या वर जात नव्हती. माझ्या बाबतीत तर मोजायचीही सोय नव्हती. सई ओढायची, दमायची, झोपायची आणि घटकाभरात पुन्हा रडत उठायची. तिच्या रडण्यावरून घरातले सगळे अंदाज बांधायचे.

कारणं सांगायला माणसं कमी नव्हती. बांडीला बघायला रोज कुणी ना कुणी यायचं. एकाने नजर लागल्याचं सांगितलं, दुसऱ्याने इथलं पाणी तिला बाधलं म्हणून सांगितलं, तिसऱ्याचं मत पडलं, अण्णांना सरळ सरळ फसवलंय. धार काढायलाही हात बदलत राहायचे. सकाळी शेजारचे एक गृहस्थ, संध्याकाळी अण्णा स्वतः, मध्येच एकदा पलीकडच्या गावातला कुणी जाणकार. एकाने वासरू जवळ न आणायचा सल्ला दिला म्हणून पाडी लांब बांधली गेली. दुसऱ्याच्या सांगण्यावरून पेंड एकदम दुप्पट केली, तर तिचं पोट बिघडलं.

गोठ्यातून माणसं निघायची ती हातपाय धुऊन बाळाला बघायला आत यायची. मग माझी पाळी. अळीव खातेस ना, शेपू खा, लसणीची चटणी खा, शतावरी घे, बाळाला तसं नको असं धर. एकीने तर पदर बाजूला करून बघितलं आणि मान हलवली. वाईट कुणीच नव्हतं. कुणी ओटीत घालायला खोबरं आणायचं, कुणी स्वतःच्या हातचे लाडू. पण त्या सगळ्यांसमोर बाळाला छातीशी धरून बसले की माझे खांदे आपोआप वर जायचे, ताठ व्हायचे. आत कुठेतरी काहीतरी मिटून घ्यायचं. मी भिंतीकडे तोंड करायचे, तर त्या वळून समोर येऊन बसायच्या.

दवाखान्यात वजन करायला नेलं, तेव्हा सई जन्मली होती त्यापेक्षाही थोडी हलकी भरली. काटा पाहताना आईने माझा दंड धरला होता. डॉक्टर शांत होते. घाबरू नका म्हणाले, अंगावर पाजत राहा, जितक्या वेळा मागेल तितक्या वेळा. वजन धरेपर्यंत वरून थोडं डब्याचं दूध वाटी-चमच्याने द्या. गाईचं मात्र वर्षाची होईपर्यंत नको.

घरी येऊन हे अक्काआत्याला सांगितलं. मग तिने विचारलं की दारात गाय बांधलेली असताना पोरीला डब्याचं दूध पाजायचं? आमच्या वेळी कुठे होते डबे? बोलता बोलता तिचा आवाज कापरा झाला. अण्णा पडवीत होते. ज्या दुधासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला होता, ते नातीला चालणार नव्हतं. मला वाटलं, ते आत्याची बाजू घेतील. ते दारापर्यंत आले आणि बहिणीला एवढंच म्हणाले, “अक्का, गाय बाळासाठी नाही आणलेली. बाळाच्या आईसाठी आणलेली आहे.” मग वळून गोठ्याकडे गेले. मी पांघरुणात तोंड घालून रडले. बाळंतपणातलं रडू कशानेही येतं म्हणतात, तसंही असेल.

माझं काय व्हायचं ते होवो, बांडीसाठी मात्र दुसऱ्या दिवशी अण्णांनी डॉक्टर बोलावले. आल्या त्या एक तरुण डॉक्टरीणबाई, स्कूटरवरून. पायात गमबूट, पाठीला पिशवी. मी खिडकीशी पडून होते. त्यांनी गोठ्याबाहेरच्या बघ्यांना आधी लांब जायला सांगितलं. मग त्या बराच वेळ बांडीच्या मानेवरून, पाठीवरून नुसता हात फिरवत राहिल्या. कास चाचपली, सड पाहिले, प्रत्येकातून एकेक धार तळहातावर घेऊन बघितली. कास चांगली आहे म्हणाल्या, सूज नाही, दुखणं नाही. आणि मग एकेक विचारायला लागल्या. धार कोण काढतं. किती वाजता. पाणी कुठे ठेवता. ओलं काय घालता.

अण्णांनी उत्तरं दिली आणि देतादेताच त्यांचा आवाज खाली येत गेला. पाण्याचं पिंप उन्हात होतं, दुपारी त्याला हात लावावा तर पाणी कोमट. खायला भाताचा पेंढा. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की ही घाटावर हिरव्या मक्यावर, लसूणघासावर वाढलेली, तिथलं दूध त्या चाऱ्याचं होतं. पेंढ्याने पोट भरतं, दूध होत नाही. बांधावरचं गवत अजून हिरवं आहे तोवर ते कापून घाला, पेंड वाढवायची ती हळूहळू वाढवा. या दमट उन्हाने तिला धाप लागते, मग ती खात नाही, म्हणून खाणं पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, पाठीवर ओलं गोणपाट टाका, पाणी सावलीत आणि सतत भरलेलं ठेवा. व्याल्यापासून महिना-दीड महिना दूध चढतच असतं, आत्ताच निकाल लावू नका. पाडीला धारेच्या आधी थोडा वेळ तिच्याजवळ सोडा. आणि एकाच माणसाने, एकाच वेळी, न बोलता धार काढा.

“घाबरलेली गाय दूध वर ओढून धरते,” त्या म्हणाल्या. “तिच्या हातात नसतं ते. अंगच धरून ठेवतं.”

अण्णांनी तरीही विचारलं की पंधरा होईल ना. त्यावर त्या जरा हसल्या. “आकडा विसरा काका. आधी तिला इथली होऊ दे.”

हे सगळं चाललेलं असताना माझी आई गोठ्याच्या कुडाशी गरम पाण्याची बादली घेऊन उभी होती. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. आई एरवीही कमी बोलणारी. घरातल्या चर्चा संपल्या की जे करायचं ते करून मोकळी होणारी. डॉक्टरीणबाईंची स्कूटर पाणंदीतून गेल्याचा आवाज विरला आणि थोड्याच वेळात आई माझ्या खोलीत आली. हात अजून ओले होते. अक्काआत्या उशाशी बसली होती, शेजारच्या दोघीजणी खाटेच्या पायाशी. आईने त्यांना चहा ओटीवर ठेवल्याचं सांगितलं. त्या उठल्या. मग आत्याच्या खांद्याला हात लावून ती म्हणाली, “अक्का, आता या खोलीत दिवसभर कुणी नको. मी दाराशी बसते.”

आत्याला ते लागलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दोन दिवस भावजयीशी कामापुरतीच बोलली. आई बधली नाही. तिने माझ्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला. मला भूक लागायच्या आधी मऊ पेज आणि तूप आणून दिलं. खिडकी उघडली. सईला माझ्या कुशीत उघड्या अंगाने निजवलं, वरून जुन्या लुगड्याची घडी घातली आणि म्हणाली, झोप. दूध आलं का, बाळ किती प्यालं, काही विचारलं नाही. वाटी-चमच्याने द्यायचं ते दूधही तीच करायची, निमूटपणे, जणू औषधाचा एक डोस. आली-गेली माणसं पडवीतच बसून जाऊ लागली.

बांडीची धारही त्या दिवसापासून आईने आपल्याकडे घेतली. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा. अण्णांना तिने सांगून टाकलं की बादली मोजायची तर मोजा, पण आकडा घरात मोठ्याने बोलायचा नाही. अण्णांनी ते पाळलं. सकाळी चहा पिताना त्यांच्या भुवया पाहून मी ओळखायचे. दिवसाचा त्यांचा बराचसा वेळ आता विळा घेऊन बांधांवर जायचा. ऑफिसात उभा जन्म गेलेला माणूस हिरव्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन यायचा, त्यांच्या सदऱ्यावर कुसळं चिकटलेली असायची. दुपारी ते बांडीच्या पाठीवरच्या गोणपाटावर पाणी शिंपडत राहायचे. तिकडे भातं झोडली जात होती, त्याची धप्‌ धप्‌ वाडीभर ऐकू यायची आणि पेंढ्याचा तो वास माझ्या उशीत, सईच्या दुपट्यात, सगळीकडे भरून राहायचा.

त्या दिवसांत मी खूप झोपले. इतकी, की आता आठवायला गेले तर उन्हाचा एक तिरका पट्टा आणि सईचा गरम श्वास एवढंच सलग आठवतं. बाकी काही घडत नव्हतं. घडायला हवं असं कुणी म्हणतही नव्हतं.

एका संध्याकाळी मी पहिल्यांदा पडवीत येऊन बसले. ऊन उतरलं होतं. माडांच्या शेंड्यांवर थोडा उजेड राहिला होता. सई आत निजली होती, अक्काआत्या माझ्यापासून जरा अंतरावर वाती वळत होती. आमच्यात अजून अबोल्यासारखंच होतं. आई बादली घेऊन गोठ्याकडे गेली. आईला बघून पाडीने दाव्याला हिसका दिला आणि ती हंबरली. कोवळा, चिरका, भुकेला आवाज.

आणि माझ्या छातीत टचकन कळ आली. मुंग्या आल्यासारखं झालं, मग गरम काहीतरी वाहिलं. मी खाली पाहिलं. ब्लाउज दोन्ही बाजूंनी भिजला होता, पदरावर डाग पसरत होता. माझी मुलगी आत गाढ झोपली होती आणि माझा पान्हा एका वासरासाठी फुटला होता. मला इतकी लाज वाटली की मी हसायलाच लागले. हसू थांबेना. पाडी पुन्हा हंबरली, पुन्हा धार लागली.

आत्याने मान वर करून बघितलं. पदराकडे, मग माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, आता ती सगळ्या वाडीला हाक मारेल. ती उठली. वाती तशाच टाकून आत गेली, झोपलेल्या सईला दुपट्यासकट उचलून आणलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून दाराशी बसली, कुणी आलंच तर मध्ये आपण असावं अशी. सई अर्धवट झोपेतच प्यायला लागली. गिळताना तिच्या घशातून बारीक आवाज येत होता. तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. गोठ्यातून बादलीत पडणाऱ्या धारांचा आवाज येत होता, आधी पातळ, मग बादली भरत आली तसा जाड.

यापुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. वाटी-चमचा आणखी काही आठवडे लागला, मग हळूहळू सुटला. कधी मध्येच एखादा दिवस सगळं आटल्यासारखा जायचा आणि मी घाबरायचे. पण सईने वजन धरलं, तिच्या मनगटांना वळ्या पडल्या. बांडी दिवाळीपर्यंत दहाच्या आसपास आली आणि तिथेच थांबली. चैत्रात उकाडा वाढला तशी पुन्हा उतरली. मी तोवर सासरी गेले होते. अण्णा फोनवर सांगायचे की आज फक्त एवढं, काल एवढं. पुढे पुढे ते आकडे सांगेनासे झाले. आज चरायला नेली होती, आज पावसात उभी राहिली, असं सांगायचे. नंतरच्या एका वेतात तिने तो पंधराचा पल्ला गाठला, तर ते मला कित्येक महिन्यांनी आईकडून कळलं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, हो का, सांगायचं राहिलं.

अक्काआत्या गेली त्याला आता दोन पावसाळे झाले.

यंदा मी आले तेव्हा शेजारच्या घरात बाळंतीण होती, त्यांची लेक. दूध येत नाही म्हणून सगळं घर हवालदिल. आई दिवसातून दोनदा तिकडे जाऊन बसत होती. दाराशी. परवा दुपारी आम्ही दोघी पडवीत मोड आलेले वाल सोलत होतो. दोघींच्या पुढ्यात दोन पराती. सई अण्णांबरोबर बागेत गेली होती. मी सहज विचारलं, माझ्या वेळी तुला किती दूध होतं.

आई सोलत राहिली. मग ती म्हणाली, “मला आलंच नाही.”

तिने सांगितलं ते अगदी थोडक्यात. घर भरलेलं होतं. रोज सगळी विचारायची. त्यांचे आवाज पडवीत ऐकू आले की तिला छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू सगळ्यांनी विचारणं सोडून दिलं, आणि ते जास्त जड गेलं. मी शेळीच्या दुधावर वाढले. शेळी वरच्या वाडीत होती. अक्काआत्या तेव्हा घरात होती, लग्न लांबलं होतं तिचं. रोज पहाटे कातळ चढून ती दूध आणायची आणि उकळून, पाणी घालून, बोंडल्याने मला पाजायची. माझं पोट बिघडलं की दोघी मिळून रडायच्या.

मी हातातला वाल तसाच धरून बसले. आत्याने एवढ्या वर्षांत कधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. तिला बजावलं होतं मी, आई म्हणाली.

“पण मला का नाही सांगितलंस? मी तेव्हा किती घाबरले होते.”

“म्हणूनच नाही सांगितलं. सांगितलं असतं तर आईला नव्हतं, आता मलाही येणार नाही, असं धरून बसली असतीस. अंगाने ते ऐकलं असतं.”

मग नंतर तरी, मी म्हटलं, एवढी वर्षं गेली. आईने फुंकर मारून सालं उडवली.

“नंतर काय करायचं होतं सांगून? तुला आलं ना.”

उन्हं कलायला लागली होती. तिच्या परातीत वाल अजून बरेच राहिले होते. मी माझी परात बाजूला सरकवली आणि तिच्यातले सोलायला घेतले.